ती उसण नव्हती

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याला पायाळू म्हणतात. मी पायाळू आहे. आमची वाडी साखरप्याच्या अलीकडे, संगमेश्वर तालुक्यात. लहानपणी वाडीत कुणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणं यायचं. ज्याला दुखतंय त्याने अंगणात पालथं पडायचं, मी उजवा पाय त्याच्या पाठीवरून हलकेच फिरवायचा आणि विचारायचं, "गेली?" त्याने म्हणायचं, "गेली." मग मला गूळखोबरं मिळायचं. शाळेत माझ्यापेक्षा हुशार मुली होत्या, पण असा मान त्यांच्यापैकी एकीलाही नव्हता.

हे आधी सांगायचं कारण असं की माझा आजार पहिल्यांदा उसण म्हणूनच घरात आला.

हे लिहावं की नाही, हे पुष्कळ दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. शिवाय वाटायचं, एखादी गरोदर बाई हे वाचेल आणि उगीच घाबरेल. रत्नागिरीच्या ज्या डॉक्टरबाईंनी मला वाचवलं त्यांना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "घाबरू दे की थोडी. घाबरलेली बाई निदान तपासायला येते." म्हणून लिहिते. माझा आजार दुर्मीळ आहे. गरोदरपणात पाठ सगळ्यांचीच दुखते आणि बहुतेक वेळा ती साधीच असते. माझी नव्हती, एवढंच.

खवणीवर

लग्नानंतर मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आले. नवरा, संदेश, तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आहे. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू होतं आणि आठवा महिना लागला होता. आंब्याला मोहर आलेला, बाबा दुसऱ्यांच्या बागांमधून फवारणीला जात होते. सकाळची वेळ. मी खवणीवर बसून नारळ खवत होते.

पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, कुणीतरी जुनं लुगडं टरकन फाडावं तसं झालं. आवाज आला नाही, पण मला तो ऐकू आल्यासारखा वाटला. मग ते दुखणं खाली उतरायला लागलं. मी नारळाची वाटी हातातच धरून बसले. घाम असा सुटला की खोबऱ्यात टपकला.

सासूबाई आतून आल्या. "काय गो, काय झालं?"

"पाठीत."

"उसण भरली असेल. किती वेळा सांगितलं, वाकून बसू नको म्हणून. पुस्तक वाचतेस तेव्हा कशी ताठ बसतेस." त्यांनी मला भिंतीला टेकवलं आणि मग त्यांना हसूच आलं. "आता पंचाईत झाली. पायाळू तूच. आपला पाय आपल्या पाठीला कसा लागायचा? थांब, मागच्या चाळीत एक बाई आहे पायाळू, तिला हाक मारते."

"नको," मी म्हटलं. "कुणाचा पाय माझ्या पाठीला लागता कामा नये. मला दवाखान्यात न्या."

लग्न झाल्यापासून त्यांच्याशी मी अशा आवाजात कधी बोलले नव्हते. त्या रिक्षा बघायला निघाल्या. मला मात्र तेव्हा माझी आत्या दिसत होती.

आत्या

माझ्या आत्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. पोटात मूल असताना बाई गेली तर तिचं नाव घेऊ नये, ती मागे फिरते, असं म्हणतात. फोटोही नाही. माझं नाव मात्र तिनेच ठेवलेलं.

ती बाबांची धाकटी बहीण. बाबांसारखीच उंच. अंगणातली पपई काठी न घेता काढायची. लांब बोटांनी माझी वेणी घालायची तेव्हा केस ओढले जायचे नाहीत. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मी तेव्हा शाळेत जायला नुकतीच लागले होते. दुपारी पडवीत सुपारी सोलता सोलता ती एकदम म्हणाली, "दादा, पाठीत काहीतरी सुटलं रे."

उसणच ती. आणि पायाळू घरातच. बाबांनी मला दोन्ही काखांत धरून उचललं आणि माझा पाय तिच्या पाठीवर टेकवला. मी विचारलं, "गेली?" आत्या म्हणाली, "गेली गो बाय." माझं मन राखायला म्हणाली असेल. जराशाने पुन्हा कण्हायला लागली. बाबा गाडी बघायला रस्त्यावर गेले. गाडी येण्याआधी ती गेली.

त्यानंतर मला उसणीसाठी कुणी बोलावलं नाही. तोंडावर कुणी काही बोललंही नाही. फक्त एकदा विहिरीवर एक बाई दुसरीला सांगत होती, "गरवार बाईला पोरीचा पाय लावला, मग काय होणार." मी कळशी तशीच टाकून घरी आले. आईला विचारलं नाही. बाबांना तर नाहीच. त्याच पायात चपला घालून मी शाळेला, मग कॉलेजला जात राहिले.

चपला

रिक्षाने आम्ही दवाखान्यात पोहोचलो. संदेश कंपनीतून परस्पर आला. तिथल्या तरुण डॉक्टरने पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. ठोके छान होते.

"गॅस धरलाय, ताई. या दिवसांत ॲसिडिटी होतेच." त्याने इंजेक्शन दिलं. दुखणं थोडं निवळलं. "आता घरी जा. आराम करा."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझ्या चपला खाटेखाली सरळ करून ठेवल्या, मला पाय घालायला सोपं जावं म्हणून. मी पाय घातले नाहीत.

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं की मी कशी आहे. वर्गात शंका आली तरी हात वर करत नाही. तास संपल्यावर सर जिन्यात गाठ पडले तर विचारते, नाही तर राहून जातं. आमच्याकडे डॉक्टरला, साहेबाला, मास्तरला उलटून विचारायची रीत नाही. ते "जा" म्हणाले की आपण जातो.

"मी उतरणार नाही," मी म्हटलं.

"अगो, ते जा म्हणतायत ना," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"माझी आत्या अशीच गेली. अशीच पाठ दुखून. मोठ्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी या खाटेवरून उतरणार नाही. तुम्हाला उचलून बाहेर ठेवायची तर ठेवा."

तो डॉक्टर वैतागला, पण वाईट माणूस नव्हता. आत जाऊन मोठ्या डॉक्टरबाईंना घेऊन आला.

बाईंनी आल्या आल्या माझ्या दोन्ही दंडांचं बीपी घेतलं. दोन्हींत बराच फरक होता. त्यांनी ते परत घेतलं. मग माझा हात हातात घेऊन बोटं बघितली. "अंगठा तळहातावर आडवा ठेव. आता मूठ मीट." अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. माझं नेहमीच येतं. शाळेत मी ते मुलींना गंमत म्हणून दाखवायचे.

"घरात अशी लांब बोटं आणखी कुणाची?"

"बाबांची. आणि आत्याची होती."

"घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का?"

मी उत्तर देणार तोच सासूबाईंनी माझ्या आईला फोन लावून, स्पीकर चालू करून तो बाईंच्या हातात दिला होता. आई घाईघाईने म्हणाली, "नाय हो डॉक्टर, आमच्यात कुणाला काय नाय झालेलं." तिला वाटलं असेल, हे सांगितलं तर सासरी लेकीला काय म्हणतील.

मी पडल्या पडल्या ओरडले, "आये, सुगंधात्याचं सांग."

मग आई बारीक आवाजात म्हणाली, "तिला उसण भरलेली."

डॉक्टरबाईंनी फोन सासूबाईंना परत दिला. "उसणीने माणूस मरत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. पुढची तयारी सांगायला त्या वळल्याही होत्या. पण ते वाक्य माझं होतं. इतकी वर्षं मी ज्याला भीत होते ते त्यांनी जाता जाता पुसून टाकलं. मला दुखत होतं, भीती वाटत होती आणि त्यात मी रडत रडत हसत होते. संदेशला वाटलं, इंजेक्शन चढलं.

सोनोग्राफीसारख्या यंत्राने छातीची तपासणी झाली. टूडी इको म्हणतात तिला. हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी माझ्यात जन्मापासूनच कच्ची होती. गरोदरपणाचा ताण तिला झेपला नाही. कोटाचं अस्तर आतून उसवावं तसा तिचा आतला थर उसवला होता आणि रक्त त्या फटीत शिरत होतं. बाहेरचा थर अजून धरून होता. तो सुटला असता तर काही मिनिटांचं काम.

"ऑपरेशन कोल्हापूरला. आत्ताच निघायचं," बाई म्हणाल्या. "उठून बसायचं नाही. खोकायचं नाही. रडायचंही नाही."

साखरप्याचा नाका

कोल्हापूरची वाट आमच्या गावावरूनच जाते. बाबा फवारणीच्या कपड्यांतच साखरप्याच्या नाक्यावर येऊन उभे राहिले होते. अॅम्ब्युलन्स थांबवायची नाही, असं ड्रायव्हरला बजावलेलं होतं. मला आडवं झोपवलेलं, त्यामुळे काही दिसलं नाही. संदेशने सांगितलं, "तुझे बाबा रस्त्यावर हात वर करून उभे आहेत." मग म्हणाला, "गेले मागे." नंतर कळलं, ते मागून येणाऱ्या एसटीत तसेच चढले. कपड्यांना औषधाचा वास मारत होता म्हणून शेजारी कुणी बसलं नाही.

आंबा घाटातल्या प्रत्येक वळणाला मी पोटावर हात ठेवून बाळाला सांगत होते, धर. आपण दोघींनी धरून ठेवायचं. दोघी कशावरून, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. आधी सिझेरियन, लगेच त्याच टेबलावर छाती उघडून रक्तवाहिनीचा खराब भाग काढायचा आणि कृत्रिम नळी बसवायची. दोघंही वाचतील असा प्रयत्न करू, पण शब्द देत नाही. कुणा नातेवाइकाने विचारलं, एकच वाचणार असेल तर कोण? मी स्ट्रेचरवर होते, मला बहिरी समजून बोलत होते.

सासूबाई म्हणाल्या, "हिला आधी बघा. आई नाही तर त्या बाळाला मी काय सांगू?"

आमचं पुष्कळ बाबतींत पटत नाही. माझं वाचन त्यांना अजूनही रिकामपणाचं वाटतं. पण हे वाक्य मी जपून ठेवलंय. भांडण झालं की ते काढून बघते.

तीन चेंडू

जाग आली तेव्हा घशात नळी होती. एका सिस्टरने कानाशी येऊन सांगितलं, "मुलगी आहे. छोटी आहे, पण रागीट आहे." रागीट या शब्दाने मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

मुलगी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत, मी खाली. संदेश मोबाइलवर तिचा व्हिडिओ आणायचा. त्यात तिचे पाय हलताना दिसायचे. दूध काढून बाटलीतून वर पाठवायचं. दुधाच्या त्या जिन्यातल्या फेऱ्या माझ्या बाबांनी केल्या. बाटली शर्टाच्या आत धरून न्यायचे, गार होऊ नये म्हणून. लाजरा माणूस, पण वरच्या सिस्टरांशी त्यांची ओळख झाली होती.

दिवस ठरलेला असायचा. सकाळी रक्त, मग एक्स-रे, मग तीन चेंडूंचं खेळणं. प्लास्टिकच्या डब्यात तीन चेंडू असतात, नळीतून श्वास आत ओढून ते वर उचलायचे. पहिल्यांदा एकही हलला नाही. छाती मधोमध कापून तारेने शिवलेली. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळायची. मला वाटायचं, पुन्हा उसवणार. ठोका जोरात पडला की मी सिस्टरला हाक मारायची. एक दिवस ती म्हणाली, "हृदय आहे ते, वाजणारच." दुसरा चेंडू उचलला त्या दिवशी मी शेजारच्या खाटेवरच्या आजींना दाखवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ज्या कुणी या खाटेवर असतील त्यांना मला एवढंच सांगायचंय की भीती घरी गेल्यावरही येते. उलट घरी जास्त येते, कारण तिथे यंत्र वाजत नाही. ती हळूहळू कमी होते. माझी अजून पूर्ण गेलेली नाही, आणि तरी मी राहिलेल्या पेपरांना बसले.

घरी येताना सांगितलं होतं, छातीचं हाड जुळेपर्यंत बाळाला उचलायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी ते मांडीवर द्यायचं. आणि पुन्हा गरोदर राहायचं नाही. शेजारच्या एक बाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "मुलगा झाला असता तर बरं होतं, आता दुसरं नाही म्हणतात." मी काही बोलायच्या आत संदेश म्हणाला, "काकी, चहा थंड होतोय." छातीवरचा व्रण पदराने झाकत जा, असंही त्याच म्हणाल्या. मी झाकत नाही. तो काही मी चोरी करून आणलेला नाही.

बिननावाची

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. हा कच्चेपणा बापाकडून माझ्यात आला असणार, बाबांनी तपासून घ्यायलाच हवं. तपासणी साधी आहे. दुखत नाही.

बाबा जाईनात. "मला काय धाड भरलेय? रोज आंब्याच्या कलमावर चढतोय." मग हंगाम आला. मग म्हणे दवाखान्यात फार वेळ मोडतो. आई म्हणाली, "जाऊ दे गो, बापय माणसाच्या मागे लागू नये."

मी विचार केला की माझ्या हातात काय आहे. मग जाहीर केलं, बाबा तपासून येत नाहीत तोवर मुलीचं बारसं होणार नाही.

गोंधळच झाला. सासूबाई म्हणाल्या, "असलं कुठे ऐकलंय? पोरीला हाक काय मारायची?"

"बाय म्हणा."

आणि सगळे बाय म्हणायला लागले. नणंद, अश्विनी, चिपळूणहून फोन करायची. "वहिनी, आत्या मी आहे. नाव ठेवायचा मान माझा. साडी घेऊन बसलेय मी, ती कसर खाईल." मी हटले नाही. पाहुणे विचारायचे, नाव काय ठेवलं? मी सांगायची, आजोबांना विचारा.

शेवटी एका दुपारी बाबाच आले. गवतात बांधून थोडे आंबे आणले होते. ओटीवर माझ्यासमोर बसले. बाय माझ्या मांडीवर झोपली होती.

"मूठ मिटा," मी म्हटलं. "अंगठा आत घालून."

त्यांनी मिटली. अंगठा पलीकडून बाहेर आला. आम्ही दोघांनी तो बघितला.

"समजा गेलो," ते म्हणाले, "आणि निघालं काही. म्हणजे मग सुगंधाचंही तेच होतं. म्हणजे तिला तेव्हाच गाडीत घातली असती तर..." त्यांनी मूठ उघडली. "मी तुझा पाय लावत बसलो."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी माझ्या पायाचं ओझं वाहत होते आणि बाबा त्यांच्या हातांचं. एकाच घरात, एकाच पडवीत, आणि एकमेकांना एक शब्द नाही.

"ती वाचली असती की नाही, कुणालाच ठाऊक नाही," मी म्हटलं. "तेव्हा आपल्या इथे हे ओळखणारं तरी कोण होतं? पण बाबा, तिच्यामुळे मी वाचले. मी खाटेवर तिचं नाव घेतलं म्हणून डॉक्टर थांबल्या. आता तुम्ही जायचं. मला आणखी एक उसण नकोय या घरात."

त्यांनी बायच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "संदेशला सांग, उद्या सुट्टी टाक."

त्यांचीही रक्तवाहिनी फुगलेली निघाली. फाटलेली नव्हती. रोजच्या गोळ्या, ठरावीक तपासण्या, कलमावर चढणं बंद, पेट्या उचलणं बंद. बाबा आता बागेत खाली बसून आंबे निवडतात. "आधी झाडावरून शिव्या द्यायचो, आता खालून देतो," म्हणतात. बायलाही मोठी होताना तपासत राहायचंय. तिच्यापासून मी काही लपवणार नाही.

बारसं

बारसं झालं तेव्हा बाय पालथी पडायला लागली होती. पाळण्यात राहीना. अश्विनी साडी नेसून पाळण्याशी वाकली आणि मला विचारलं, "वहिनी, नाव काय सांगू?"

"सुगंधा."

आईचा हात पाळण्याच्या दोरीवरच थांबला. "नको गो. तिचं नाव कशाला? पोर आहे लहान."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी मागे सरकून आईला बसायला जागा केली. अश्विनीला कळेना काय करावं. ती बायच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगायला लागली.

बाबा दारात उभे होते. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष येत नाहीत म्हणून उंबऱ्याच्या बाहेरच. तिथूनच म्हणाले, "कानात नको. मोठ्यान सांग, सगळ्यांस ऐकू जाऊ दे. माझ्या बहिणीचं नाव आहे."

अश्विनीने मोठ्याने सांगितलं. इतक्या मोठ्याने की सुगंधा दचकली आणि रडायला लागली. आई, सासूबाई, अश्विनी, तिघी एकदम वाकल्या, सवयच झाली होती त्यांना. मी म्हटलं, थांबा. हाड जुळलं होतं, परवानगी मिळाली होती.

मी पाळण्यात हात घातले आणि तिला उचलून घेतलं.